मु. पो. स्लॅश, ता. मुरगाव

आपल्याकडचा पत्ता खालून वर वाचायचा असतो. पाकिटावर सगळ्यात वर माणसाचे नाव, मग घर, मग वाडा, गाव, तालुका, राज्य. पत्र पोचवणाऱ्यांना मात्र नेमके उलटे हवे असते. वाटेतल्या पहिल्या तीन-चार कचेऱ्यांना त्या माणसाशी काहीएक कर्तव्य नसते. हे टपाल गोव्याचे की गुजरातचे, एवढेच त्यांना पाहायचे असते. आपण पहिल्या ओळीत ठसठशीत अक्षरांत जे नाव घालतो, ते वाचणारा पोस्टमन रांगेत सगळ्यांत शेवटी उभा असतो. तरीही पत्ता सुलटा लिहायला कोणी धजत नाही. 'भारत, गोवा, मुरगाव, वास्को, मांगोर हिल, दुसरा मजला, काका' असे लिहिलेले पाकीट लग्नाचे असले तरी घरात ते समन्स म्हणूनच उघडले जाईल.

युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणाली पत्ता या समन्सच्या थाटातच लिहितात. या घराण्यात लिनक्स येतो, ॲपलचा मॅक येतो आणि तुमच्या खिशातला अँड्रॉइडही येतो, तेव्हा 'आपला काय संबंध' म्हणून पान उलटू नका. पत्त्याची सुरुवात एका तिरप्या रेघेने होते: /. ही स्लॅश. पत्त्याच्या आरंभी आली की तिला रूट म्हणायचे, मूळ. त्या मुळाखाली डिरेक्टऱ्या, त्यांच्याखाली आणखी डिरेक्टऱ्या आणि कुठेतरी पार खाली तुमची फाइल. झाड उलटे, मूळ वर आणि फांद्या खाली. जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायची सक्ती असलेल्या घरात जो वाढला, त्याला हे समजवायला फळ्यावर चित्र काढावे लागत नाही. त्या अध्यायातल्या उलट्या अश्वत्थाची पाने तर वेद आहेत, तेव्हा फाइलींचीही सोय आधीच झालेली होती.

सी ड्राइव्ह आणि डी ड्राइव्ह अशा दोन चुली पाहत आलेल्यांना या एकत्र कुटुंबात गुदमरल्यासारखे होते. इथे पेनड्राइव्ह खुपसला तरी त्याला वेगळे अक्षर मिळत नाही. झाडातल्याच एखाद्या रिकाम्या डिरेक्टरीवर त्याला चढवतात, याला माउंट करणे म्हणतात, आणि पुढे तो त्याच झाडाचा होऊन राहतो. स्वतंत्र राज्याचा दर्जा मागून लगेच मिळत नसतो. गोव्यालासुद्धा त्यासाठी ३० मे १९८७ उजाडावा लागला.

प्रत्येक डिरेक्टरीत दोन नोंदी जन्मजात असतात. एक टिंब म्हणजे 'मी स्वतः' आणि दोन टिंबे म्हणजे 'माझ्या वरचा'. वरच्याकडे जा, त्याच्याही वरच्याकडे जा, असे करत शेवटी रूट येते. आता रूटच्या वरचा कोण, असे विचारले की उत्तर येते: रूट. न्यू जर्सीच्या बेल लॅब्जमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ साली युनिक्सला हात घातला, तेव्हा त्यांनी आपल्याकडच्या सरकारी अपिलाचा अभ्यास केलेला नसावा. पण वरिष्ठाविरुद्धचा अर्ज चौकशीसाठी त्याच वरिष्ठाच्या टेबलावर उतरतो, हे तत्त्व त्यांनी अचूक पकडले आहे.

त्याच सुमारास दिल्लीच्या दळणवळण मंत्रालयात एक मराठी अधिकारी अख्ख्या देशाला असेच उलटे टांगत होता. श्रीराम भिकाजी वेलणकर. एकाच नावाची गावे, पाच-पाच भाषांतले आणि दहा-दहा वळणांचे हस्ताक्षर यांतून टपाल सोडवायचे म्हणून त्यांनी पिन कोडची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गवारीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन टपाल कचेरीचे. वास्कोचा ४०३८०२ युनिक्सच्या लिपीत लिहिला तर /४/०/३/८०२ असा होईल. मोठ्याकडून लहानाकडे, थेट समन्स! वेलणकर संस्कृतचे कवी होते, आणि सुलटे वाचले तर रामाचे, उलटे वाचले तर कृष्णाचे असे विलोमकाव्य त्यांच्या नावावर आहे. तेव्हा आपल्या उलट्या पत्त्याच्या तळाशी एक सुलटा पत्ता चिकटवून देण्याची कल्पना त्यांनाच सुचावी, यात नवल नाही. पाकिटावरच्या शेवटच्या सहा आकड्यांत वरच्या सगळ्या ओळी डोक्यावर उभ्या केलेल्या असतात.

पण झाड लावायचे म्हटले की कोण कोणाच्या खाली, हा प्रश्न येतो, आणि गोव्यात हा प्रश्न चहा पिताना काढायचा नसतो. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. पानांना १,७२,१९१ मते पडली आणि फुलाला १,३८,१७०. पेडणे, डिचोलीचा कल फुलाकडे होता, मुरगावचा पानांकडे. चौतीस हजार एकवीस मतांनी विलीनीकरण बारगळले, आणि पाच वर्षांनी पिन कोड आला तेव्हा मुंबई ४००, ठाणे ४०१, रायगड ४०२ आणि त्यांना लागून गोवा ४०३. फुलाचा पराभव झाला होता, पण पाकिटावर त्याला बिनविरोध जागा मिळाली. मी मूळचा पेडण्याचा, त्यामुळे हे लिहिताना चेहरा सरळ ठेवण्याचा प्रयत्न करतो आहे. अर्थात पेडणेकरांनीही फार हुरळून जाऊ नये. आमचा पिन ४०३५१२ आणि तेरेखोलच्या पलीकडच्या, जिथे आमच्या सोयरिकी जुळतात त्या सावंतवाडीचा ४१६५१०. ती कोल्हापूरच्या फांदीवर बसली आहे. आणि त्या वेळी गोवा, दमण व दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता, तरी दमणचे टपाल ३९६ मध्ये गेले आणि दीवचे ३६२ मध्ये. युनिक्समध्येही तसेच असते. फाइलीचा मालक कोण, ही एक नोंद आणि फाइल कुठे ठेवली आहे, ही दुसरी. मालक पणजीत बसला म्हणून फाइल तिथेच पाहिजे असे नाही.

आता आमचा मुरगाव. बाहेरून येणारा पाहुणा 'मुरगावला येतो' म्हणाला की आम्ही विचारतो, कुठल्या? मुरगाव हा तालुका, त्याचे मुख्य शहर वास्को, आणि वास्कोच्या पुढे टोकाला मुरगाव बंदर. तालुक्याचे नाव पत्त्यात एकदा येते, मग वास्को येते आणि मग तेच नाव पुन्हा. बरे, मुरगाव नगरपालिका आहे वास्कोत. म्हणजे वास्को मुरगावात आणि मुरगाव वास्कोत. आगगाडीने आलात तर वास्कोला उतरून पुढच्या स्टेशनावर मुरगाव. मग आतापर्यंत आपण कुठे होतो, असा प्रश्न सज्जन माणसाला पडतो. युनिक्सला यात काहीच अडचण वाटत नाही. /मुरगाव/वास्को/मुरगाव हा पत्ता तिथे शुद्ध आहे. एकाच नावाच्या दोन डिरेक्टऱ्या वेगवेगळ्या पातळीवर सुखाने नांदतात, फक्त एकाच डिरेक्टरीत दोघी नकोत. जे चालत नाही ते वर्तुळ. वास्कोच्या पोटात मूळ मुरगाव तालुकाच परत कोंबू म्हटले तर प्रणाली हात जोडते, नाहीतर झाड चढणारा प्रोग्राम आयुष्यभर सडा ते बोगदा फिरत बसेल.

झाडाची खरी पंचाईत वेगळीच आहे. एका फांदीवर बसलेल्याला दुसऱ्या फांदीवर बसता येत नाही. झुआरीनगर तालुक्याच्या हिशेबाने मुरगावचे. तिथे २००४ पासून बिट्स पिलानीचे आवार आहे, आणि मुलांना युनिक्स शिकवणारे शिक्षकही तिथे असतील. पण त्याचा पिन ४०३७२६, वास्कोच्या आठशेच्या ओळीतला नव्हे. महसूल खात्याचे झाड एक, टपाल खात्याचे दुसरे. विधानसभा मतदारसंघांचे तिसरे, आणि चर्चच्या पॅरिशचे चौथे. चारही झाडे एकाच भुईवर उभी आहेत, आणि आमच्या एकेका घराला या चारही झाडांना लोंबकळावे लागते.

हा झाला पूर्ण पत्ता, स्लॅशपासूनचा. युनिक्समध्ये दुसरा एक असतो, सापेक्ष पत्ता. 'मी आत्ता जिथे उभा आहे तिथून दोन पायऱ्या वर, मग डावीकडच्या डिरेक्टरीत.' गोव्यात खरा चालतो तो हाच. पिन कोड पाकिटासाठी, माणसासाठी: "तिंट्यावरून सरळ यो, खुरसाकडेन वळ, मागीर कोणांकय विचार." हा पत्ता अचूक असतो, फक्त सांगणारा आणि ऐकणारा एकाच जागी उभे असले पाहिजेत. पुण्याहून फोन करणाऱ्या मेव्हण्याला तो सांगितला, तर तो पुण्यातला खुरीस, म्हणजे क्रूस, शोधत बसतो. लिनक्सवर अर्ध्याअधिक चुका याच जातीच्या. आदेश बरोबर, फाइल बरोबर, फक्त आपण भलत्याच डिरेक्टरीत उभे. 'आपण आत्ता कुठे आहोत' हे विचारायला तीन अक्षरांचा एक आदेश आहे, पीडब्ल्यूडी. आमच्याकडे याच अक्षरांचे सरकारी खाते आहे, आणि त्याने खणलेल्या रस्त्यावर उभे राहिले की मलाही हाच प्रश्न पडतो.

आता रूटखाली काय आहे ते बघू. बिन, म्हणजे चालवायचे प्रोग्राम. डेव्ह, म्हणजे यंत्रे. युनिक्सच्या लेखी कीबोर्डही फाइल आणि छपाईयंत्रही फाइल. एट्सी, शब्दशः 'इत्यादी'. सुरुवातीला अडगळ होती, आता सगळ्या प्रणालीची सेटिंग्ज तिथे आहेत. देशाची घटना 'इत्यादी' लिहिलेल्या कपाटात ठेवावी, तसला हा प्रकार. टेम्प ही धर्मशाळा, कोणीही उतरावे, पण दुसऱ्याचे बोचके उचलता येऊ नये म्हणून तिथे एक खास बंदोबस्त असतो. आणि मग यूएसआर. त्यातही एक बिन. पहिले बिन असताना दुसरे कशाला?

याची थोर थोर कारणे पुस्तकांत वाचायला मिळतात. सुरुवातीला लागणारे प्रोग्राम वेगळे, नंतर लागणारे वेगळे, सुरक्षितता, जाळ्यावरून वाटून घेण्याची सोय. खरी हकीकत जुनी मंडळी सांगतात ती अशी की पहिली डिस्क भरली. त्या काळच्या डिस्कमध्ये आजच्या मोबाइलचा एक फोटो मावायची मारामार. यूएसआर मुळात वापरणाऱ्यांची घरे होती. टॉम्प्सनचे बिऱ्हाड तिथे, रिचीचे तिथे. पहिल्या डिस्कवर जागा उरली नाही, तेव्हा प्रणालीने आपले सामान या राहत्या घरांत आणून टाकले. पुढे सामान एवढे वाढले की घरवाल्यांनाच नवे घर बांधून बाहेर पडावे लागले, ते होम. सामान मात्र यूएसआरमध्ये राहिले ते राहिलेच, आणि त्याच्या राहण्याला तत्त्वज्ञान चिकटले. १९९४ मध्ये लिनक्सवाल्यांनी या सगळ्या मांडणीचे रीतसर मानक लिहून काढले. त्याची तिसरी आवृत्ती २०१५ ची. दरम्यान २०१२ मध्ये फेडोरा या लिनक्सच्या वाणाने आणि मागाहून डेबियन या दुसऱ्या वाणाने दोन्ही बिने एकत्र करून जुन्या बिनच्या दारावर 'यूएसआरमध्ये विचारा' अशी पाटी लावली. एका भरलेल्या डिस्कची भरपाई व्हायला चाळीस वर्षे लागली. कुठल्याही कचेरीतल्या कुठल्याही विचित्र नियमाचे कारण विचारले की आधी तत्त्व सांगतात. तत्त्व ऐकून घ्यावे, आणि मग तिथल्या सगळ्यांत जुन्या शिपायाला विचारावे की कुठले कपाट भरले होते.

अशी कपाटे आणखीही आहेत. नाव टिंबाने सुरू केले की फाइल यादीत दिसत नाही. याला 'लपवलेली फाइल' असे भारदस्त नाव आहे, पण बेल लॅब्जमधलेच रॉब पाइक सांगतात की तो अपघात होता. यादीतून 'मी स्वतः' आणि 'माझ्या वरचा' एवढ्या दोन टिंबवाल्या नोंदी वगळायच्या होत्या. प्रोग्राम लिहिणाऱ्याने आळसाने फक्त पहिले अक्षर तपासले, आणि टिंबाने सुरू होणारे सगळेच पडद्याआड गेले. आज मोबाइलमध्ये जी काय गुपिते आहेत, ती या आळसाच्या आडोशाला आहेत.

आता नाव आणि वस्तू यांचे नाते. इथे युनिक्सचा मी भक्त आहे. डिरेक्टरी हे कपाट नव्हेच, ती वही आहे. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात एक क्रमांक, संपले. त्या क्रमांकाच्या आयनोडमध्ये फाइलीचे सगळे असते: मालक, आकार, तारखा, डिस्कवरची जागा. एक गोष्ट तिथे नसते, तिचे नाव. नाव हे वहीवाल्याने ठेवायचे, वस्तूला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून फाइल एका डिरेक्टरीतून दुसरीत हलवली तर एका वहीतली ओळ खोडून दुसरीत लिहायची. वस्तू जागची हलत नाही.

मुरगाव तालुक्याला हे १५६० पासून ठाऊक आहे. कुठ्ठाळीचा मंगेश त्या वर्षी प्रियोळला गेला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, सांखवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगला. पोर्तुगीज हद्दीत देवळे पाडली जात होती, तेव्हा रातोरात झुआरी ओलांडून देव फोंड्याच्या बाजूला पोचवले गेले. आज मंगेशाचा पिन ४०३४०४, कुठ्ठाळीचा ४०३७१०. पिन बदलला, मंगेश तोच. शिवाय त्याला मांगिरीश असेही म्हणतात. दोन नावे आणि आयनोड एक, याला युनिक्समध्ये हार्ड लिंक म्हणतात. जाणकार इथे मला अडवतील: नदी ओलांडली म्हणजे दुसरी डिस्क आली, आणि दुसऱ्या डिस्कवर फाइल 'हलवणे' हे थोतांड असते, आधी तिकडे नक्कल होते, मग इकडची मूळ प्रत पुसली जाते. कबूल. पण कुठ्ठाळीकरांनी नक्कल केली नाही, मूळ लिंगच उचलून नेले. ती सोय युनिक्समध्ये अजून नाही.

दुसरा प्रकार सिम्बॉलिक लिंकचा. ही एक छोटीशी फाइल असते आणि तिच्यात दुसऱ्या कुणाचा तरी पत्ता लिहिलेला असतो, बाकी काही नाही. कुंकळ्ळीची देवी फातर्प्याला गेली, तिथे ती आजही शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण आहे. जुना पत्ता तिच्या नावातच आहे. आणि आमची आडनावे? पेडणेकर, डिचोलकर, सांखवाळकर, केळोशीकर. गिरगावात जन्मलेला, ठाण्यात फ्लॅट घेतलेला पेडणेकर पेडण्याकडे बोट दाखवत हिंडत असतो. त्या पत्त्यावर घर आहे की नाही, हे लिंकला ठाऊक नसते, आणि लिंक करतानाही कोणी तपासत नाही. पत्त्यावर कोणी नसेल तर लिनक्सच्या यादीत ते नाव बहुधा लाल रंगात दिसते. मुंबईच्या मतदार यादीला हा रंग दिला तर छपाईची लाल शाई पुरायची नाही. वर्षातून एकदा कुळदेवाला, जत्रेला येऊन नारळ ठेवून जातात, तेवढ्यापुरती लिंक जुळते.

पुसणे म्हणजेही नाव खोडणेच. आरएम हा आदेश वस्तूला हात लावत नाही. वहीतली ओळ काढतो आणि वस्तूला आता किती नावे उरली ते मोजतो. शेवटचे नाव गेले तरी कोणी प्रोग्राम ती फाइल उघडून बसला असेल तर त्याचे काम होईपर्यंत ती जिवंत राहते. उलट अपघात असा की वस्तू धडधाकट आहे, पण सगळ्या वह्यांतून तिचे नाव गेले. वीज गेल्यावर असे घडे, आणि मुरगावात वीज जाण्याबद्दल मी वेगळे काही लिहीत नाही. अशा बेवारस फाइली तपासणीत सापडल्या की 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या डिरेक्टरीत पडतात, नावाच्या जागी नुसता क्रमांक घेऊन. टपाल खात्यातही ही डिरेक्टरी आहे, तिला रिटर्न्ड लेटर ऑफिस म्हणतात. ज्यांचा घेणाराही सापडत नाही आणि धाडणाराही, ती पत्रे तिथे उघडून आत कुठे पत्ता मिळतो का ते पाहतात. दुसऱ्याचे पत्र कायदेशीरपणे उघडून वाचण्याची नोकरी आहे, हे कळले असते तर आमच्या शेजारच्या आजींनी लग्न केले नसते.

त्यांचा अधिकारही युनिक्सने नोंदला आहे. प्रत्येक डिरेक्टरीला मालक, गट आणि इतर अशा तिघांसाठी तीन परवानग्या: वाचणे, लिहिणे, आणि आत शिरून पुढे जाणे. वाचणे आणि शिरणे वेगळे, हे नवख्याला पटत नाही. पोस्टमनला घराचा क्रमांक माहीत असला तर तो थेट दारात येतो, पण घरात कोण कोण राहते याची यादी त्याला मिळत नाही; शिरण्याची परवानगी आहे, वाचण्याची नाही. बाल्कांवात बसलेल्या आजी आमच्या घरात कधी शिरत नाहीत. वाचन मात्र संपूर्ण असते.

मराठी नावांचे या झाडात काय होते, ही चौकशी मी केली आहे. युनिक्सला नावात फक्त स्लॅश आणि शून्य बाइट चालत नाही, बाकी काहीही ठेवा. लिनक्समध्ये मर्यादा २५५ बाइटांची. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, काना-मात्रा धरून. 'मुरगाव' हे अठरा बाइटांचे. कोणी अनुस्वार देऊन 'मुरगांव' लिहिले तर एकवीस, आणि युनिक्सच्या मते ती दोन वेगळी गावे. तरीही तक्रार करवत नाही, कारण हे तीन बाइटांचे गणित ज्या यूटीएफ-८ मधले आहे, ते याच टॉम्प्सनने पाइकच्या साथीने सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी चटईवर मांडले. त्या जेवणामुळे 'पेडण्याची जमीन, नवी, अंतिम, खरी अंतिम' हे नाव मला माझ्या लिपीत फाइलीला देता येते.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. यात अख्ख्या भारतावर सोळा चौकोन, प्रत्येक चौकोनात पुन्हा सोळा, असे दहा वेळा करत सुमारे चार मीटर बाय चार मीटरच्या तुकड्यापर्यंत जायचे. झाडच, पण त्यात तालुका नाही, वाडा नाही, फूल नाही, पाने नाहीत. पेडणे की सावंतवाडी हा वादही नाही, फक्त अक्षांश-रेखांश. आमच्या बाल्कांवाला एक डिजिपिन आणि विहिरीला दुसरा. मांगोर हिलवरच्या इमारतींचे मात्र तसेच राहिले. या झाडाला उंची नसल्यामुळे तळमजला आणि चौथा मजला यांना एकच डिजिपिन मिळतो. मजला पूर्वीसारखा हाताने लिहावा लागतो.